जुन्या कपड्यांची पारख

आजचा विषय ऐकून कांहीं जणांच्या कपाळास आठी पडली असेल. दुसऱ्यानें वापरलेले जुने कपडे विकत घेणें हा काय भाषणाचा विषय झाला, असें त्यांच्या मनांत आलें असेल. त्यांना मी आरंभींच एक गोष्ट विचारतों. आपण या जगांत आलों तेव्हां आपल्या अंगावर पहिलें वस्त्र कोणतें पडलें? आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत नवें करकरीत कापड नेत नाहींत. आजीचें धुऊन धुऊन मऊ झालेलें लुगडें फाडून त्याचीं दुपटीं, लंगोट आणि झबलीं करितात. कारण नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीस बोचते. म्हणजे आपणांपैकीं पुष्कळांचा वस्त्रांशीं संबंध जुन्या कापडापासूनच सुरू झाला आहे. पुढें थंडींत ज्या गोधडीखालीं आपण निजलों तीही जुन्या लुगड्याधोतरांच्या थरांचीच होती. घरच्या जुन्या कापडाची आपणांस लाज वाटत नाहीं. बाजारांतून घेतलेल्या जुन्या कापडाची मात्र वाटते. ही लाज बाजूस ठेवून, मोजक्या पैशांत जुना कपडा पारखून कसा घ्यावा, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

हें सांगण्याचा तुमचा अधिकार काय, असें कोणी विचारील. मी शिंपी नाहीं, व्यापारीही नाहीं. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करलेला आणि आतां सेवानिवृत्त झालेला एक मास्तर आहें. हा विषय मी एका विद्यार्थ्याच्या आईपाशीं शिकलों, आणि तोही माझ्या हातून एक चूक घडल्यावर. ती चूक प्रथम सांगतों.

१९९२ सालीं मी सहावीच्या वर्गावर होतों. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. एक मुलगा गणवेशाचा स्वच्छ पांढरा सदरा घालून आला. तास चालू असतां त्याच्या मागच्या बाकावरील मुलगा एकदम ओरडला, "गुरुजी, हा माझा सदरा आहे!" सदऱ्याच्या गळपट्टीवर तांबड्या दोऱ्याची एक बारीक खूण होती, ती त्याच्या आईनें धोब्यासाठीं घातलेली होती. वर्ग हंसला. मीं काय करावयास हवें होतें? "गप्प बसा," एवढें म्हणून धडा पुढें चालवावयास हवा होता. परंतु माझ्या मनांत चोरीचा संशय आला, आणि मीं भर वर्गांत विचारलें, "हा सदरा तूं कोठून आणलास?" मुलगा उभा राहिला. "आईनें घेतला, जुन्या बाजारातून," असें तो पुटपुटला. वर्ग पुन्हां हंसला. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेंत आला नाहीं.

चौथ्या दिवशीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याची आई मोलमजुरी करीत असे. तिनें मला बसावयास पोतें टाकलें, पाणी दिलें आणि म्हणाली, "गुरुजी, सदरा पैसे मोजून घेतलाय. चोरलेला नाही." माझी मान खालीं गेली. "चूक माझी झाली, बाई," असें मी म्हणालों. तिनें उत्तर दिलें नाहीं, तो सदरा आणून माझ्या हातांत ठेवला आणि म्हणाली, "बघा तरी, काय वाईट आहे त्यात?" मीं पाहिलें. मूळची गळपट्टी घडीवर विरली होती; म्हणून त्या बाईनें ती उसवून, उलटवून पुन्हां जागेवर शिवली होती. त्यामुळें चांगली बाजू वर आली होती आणि त्या बाजूबरोबर ती तांबडी खूणही, जी पूर्वीं खालीं झाकलेली होती. दोरा ओढून काढला तर जुन्या कापडास भोक पडेल, म्हणून तिनें तो तसाच ठेवला होता. म्हणजे तिच्या कष्टानेंच तिच्या मुलाचें गुपित उघडें पडलें होतें, आणि मी त्या कष्टाचें कौतुक करण्याऐवजीं मुलाला आरोपीसारखें उभें केलें होतें.

त्या दिवशीं आणि पुढें अनेकदां त्या बाईनें मला जें शिकविलें तें आपणांस सांगण्यापूर्वीं, एका घरांतील सदरा दुसऱ्या घरांत पोंचतो तरी कसा, हें पाहूं.

बोहारीण आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि कमरेस जुन्या कपड्यांचें गाठोडें घेऊन ती दुपारच्या वेळीं दारांत येते. एक पातेलें किंवा डबा द्यावयाचा आणि त्याच्या बदल्यांत साड्या, सदरे, विजारी घ्यावयाच्या, असा तिचा व्यवहार. घरांतील बाईला वाटतें कीं आपण टाकाऊ वस्तु देऊन नवें भांडें मिळविलें. परंतु त्या पातेल्याची किंमत बोहारणीला रोख द्यावी लागलेली असते आणि गाठोड्यांतून ती वसूल होईल कीं नाहीं हें तिच्या नजरेवर अवलंबून असतें. मुंबईंत व गुजराथेंत हा धंदा करणाऱ्यांत देवीपूजक समाजाच्या स्त्रिया पुष्कळ आहेत. दिल्लींतील रघुवीरनगर येथें त्यांचा मोठा बाजार पहाटेच्या अंधारांत भरत आला आहे. लूसी नॉरिस नांवाच्या एका विदुषीनें या व्यापाराचा अभ्यास करून २०१० सालीं त्यावर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला आहे. ज्या गाठोड्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाहीं त्यावर ग्रंथ लिहिला जावा, यावरून त्या व्यापाराचा पसारा ध्यानीं यावा.

गोळा झालेल्या कपड्यांची मग निवड होते. जे धड आहेत ते धुऊन इस्तरी करून विकावयाचे. जे थोडे फाटले आहेत ते दुरुस्त करावयाचे. आणि जें सुती कापड अगदींच विरलें आहे त्याच्या चिंध्या करून त्या कारखान्यांकडे व छापखान्यांकडे यंत्रें पुसण्यासाठीं पाठवावयाच्या. लोकरीच्या कपड्यांची वाट निराळी. जुनी लोकर पिंजून तिचें पुन्हां सूत काढण्याची युक्ति इंग्लंडांतील बॅटली गांवीं बेंजामिन लॉ यानें १८१३ सालीं काढिली असें सांगतात. आपल्या देशांत हरियाणांतील पानिपत हें या धंद्याचें मोठें केंद्र झालें. परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे तेथें फाडून, पिंजून, सूत काढून त्यांचीं कांबळीं विणलीं जात आलीं आहेत. इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना पानिपतच्या लढाया शिकविल्या. तेथील कांबळीं मात्र शिकविलीं नाहींत.

आतां परदेशांत काय चालतें तें पाहा. अमेरिकेंत जुन्या वस्तूंच्या दुकानांना ‘थ्रिफ्ट स्टोअर’ म्हणतात. ‘थ्रिफ्ट’ म्हणजे काटकसर. तेव्हां काटकसरीचें दुकान असा सरळ अर्थ. बोस्टन शहरांत एडगर हेल्म्स नांवाच्या एका पाद्र्यानें १९०२ सालीं ‘गुडविल’ या संस्थेचा पाया घातला. सधन घरांतून जुने कपडे व सामान आणावयाचें, तें गरजू माणसांकडून दुरुस्त करून घ्यावयाचें, त्यांना त्याची मजुरी द्यावयाची आणि माल स्वस्तांत विकावयाचा, अशी त्याची योजना होती. देणाऱ्याची अडगळ जाई, करणाऱ्यास काम मिळे आणि घेणारा भिक्षा न मागतां पैसे मोजून घेई. इंग्लंडांत ‘ऑक्सफॅम’ या संस्थेनें १९४७ सालीं ऑक्सफर्ड येथें असेंच दुकान उघडलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत व त्यानंतरही, १९४१ च्या जूनपासून १९४९ पर्यंत, त्या देशांत कपड्यांवर नियंत्रण होतें. श्रीमंतासही कुपनाशिवाय नवा कोट मिळत नसे, आणि जुन्याची डागडुजी करून वापरा असें सरकारच लोकांस सांगत असे. सर्वांचेच कपडे ठिगळांचे झाल्यावर ठिगळाची लाज कोणी कोणास वाटून घ्यावी?

आपल्याकडेही १९९९ सालीं अंशु गुप्ता यांनीं दिल्लींत ‘गूंज’ ही संस्था काढिली. शहरांतील जुने कपडे खेड्यांत न्यावयाचे, पण दान म्हणून वाटावयाचे नाहींत. गांवकऱ्यांनीं विहीर, रस्ता, बांध असें गांवचें काम करावें आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यावे, ही त्यांची रीत. या कार्यासाठीं २०१५ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. अलीकडे तर मोठ्या शहरांतील तरुण मुलेंमुली इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकतात व घेतात, आणि त्यास इंग्रजी नांव देऊन अभिमानानें मिरवितात. मला त्याचा आनंद आहे. परंतु तोच कपडा भ्रमणध्वनीवर पाहून घेतला तर हौस आणि आठवडेबाजारांत घोंगडीवर पाहून घेतला तर दारिद्र्य, हा न्याय कोणता? लाज कपड्यांत नसते. ती आपण बाहेरून आणून त्यास चिकटवितों.

शिवाय नवें कापड निर्माण होण्यास काय खर्च पडतो हें विदर्भांतील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास विचारावें. एका सुती बनियनवजा सदऱ्यासाठीं, कापूस पिकविण्यापासून शिवणीपर्यंत, सुमारें २७०० लिटर पाणी लागतें असा अंदाज अनेकदां दिला जातो. एवढें पाणी खाऊन तयार झालेली वस्तु दहावीस वेळां वापरून टाकून देणें यास सुधारणा म्हणावयाचें कीं उधळपट्टी, हें आपणच ठरवावें.

आतां प्रत्यक्ष खरेदीकडे वळूं. पुण्याचा जुना बाजार बुधवारीं आणि रविवारीं भरत आला आहे. तालुक्याच्या गांवींही आठवडेबाजाराच्या एका कडेस जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले असतात. येथें एक भेद सांगून ठेवतों. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटसारख्या ठिकाणीं स्वस्त मिळणारे पुष्कळ कपडे वापरलेले नसतात. परदेशीं धाडण्यासाठीं शिवलेले पण जास्त झालेले अथवा नाकारलेले नवे कपडे त्यांत असतात. त्यांत झिजलेपणा शोधावयाचा नसतो, शिवणीचा दोष शोधावयाचा असतो. एक बाही लांब, काज चुकलेलें, रंग मागेंपुढें असा. वापरलेल्या कपड्याची परीक्षा याहून निराळी आहे.

माझ्या गुरुबाईचा पहिला नियम असा कीं, घरून निघतांनाच काय हवें तें ठरवून निघावें. ढीग पाहून गरज ठरवूं नये. "स्वस्त दिसलं म्हणून घेतलं की पेटी भरते आणि अंग उघडंच राहतं," असें ती म्हणे. ज्याच्यासाठीं घ्यावयाचें त्याचा अंगास नीट बसणारा एक कपडा सपाट अंथरून छाती, खांदा, बाही आणि लांबी टेपनें मोजावी आणि आंकडे कागदावर लिहून घ्यावे. गळ्याशीं शिवलेल्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. निरनिराळ्या कारखान्यांचे आंकडे निराळे, आणि धुण्यानें कपडा आटलेलाही असतो. हें आटणें मात्र आपल्या फायद्याचें आहे. नवा सुती कपडा पहिल्या धुण्यांत किती आटेल व किती रंग सोडील हें सांगतां येत नाहीं. जुन्याचें आटणें आणि रंग सोडणें, दोन्ही बहुधा उरकलेलें असतें. आज जसा दिसतो तसाच तो उद्यां राहील.

दुसरा नियम, बाजारास उजेडीं जावें. सायंकाळीं दिव्याखालीं पिवळट डाग पांढरे दिसतात आणि विटलेला काळा रंग काळाच दिसतो. कपडा हातीं घेतल्यावर प्रथम समोरची बाजू पाहूं नये. विकणारा तीच दाखवितो. कपडा उलटा करावा. कपडा बाहेरून सजतो, पण खरें आंतून सांगतो. सदरा असेल तर काखेची शिवण, गळपट्टीची घडी आणि मनगटाची कड. विजार असेल तर बसण्याची जागा, गुडघे आणि मांड्यांच्या आंतील भाग. या ठिकाणीं कापड आधीं विरतें. तेवढा भाग सूर्याकडे धरून पाहावा. सगळीकडे सारखा उजेड आला तर ठीक. एकाच जागीं जाळीसारखा उजेड दिसला तर तें कापड दोनचार धुण्यांचें सोबती समजावें. नंतर शिवणीच्या दोन्ही बाजूंना चिमटींत धरून हलकेच ताणावें. दोरा तुटला तर चिंता नाहीं, दोरा पुन्हां घालतां येतो. पण दोऱ्याशेजारचें कापडच फाटूं लागलें तर तें खालीं ठेवावें.

तिसरा नियम मला सर्वांत आवडतो. शिंपी शिवणीच्या आंत आणि खालच्या दुमडींत जें जादा कापड ठेवतात त्यास ‘माया’ म्हणतात. घाईनें शिवलेल्या कपड्यांत माया बोटभरही नसते. जुन्या, सावकाश शिवलेल्या कपड्यांत ती चांगली दोन दोन बोटें सांपडते. मुलगा वाढला, दुमड उसवली, विजार लांब झाली. माणूस सुटला, शिवण उसवली, सदरा सैल झाला. ती बाई हातांत कपडा आला कीं आधीं माया पाही. "माया असली की कपडा दोन वर्षं जास्त चालतो," असें ती म्हणे. मोठा कपडा लहान करतां येतो. माया नसलेला लहान कपडा मोठा करणें ब्रह्मदेवाच्याही हातीं नाहीं. म्हणून संशय असेल तर एक माप मोठा घ्यावा.

बटण तुटलेलें असेल तर तो दोष नव्हे. तें निमित्त सांगून दोन रुपये कमी करून घ्यावे आणि घरीं नवें बटण लावावें. काज उसवलेलें मात्र पाहून घ्यावें. चेन दोन वेळां वरखालीं ओढून पाहावी; ती बदलण्याची मजुरी कधीं कधीं विजारीच्या किंमतीहून अधिक पडते. लोकरी कपड्यांत बारीक भोंकें दिसलीं तर त्यास कसर लागली आहे असें समजावें. एका कसर लागलेल्या स्वेटरामुळें पेटींतील सगळी लोकर जाते. रेशमी साडी असेल तर ती घडी मोडून पाहावी, कारण वर्षानुवर्षें एकाच घडीवर राहिलेलें रेशीम त्याच रेषेवर चिरतें. शेवटीं नाकाचा उपयोग करावा. घामाचा वास धुण्यानें जातो. कुबट, बुरशीचा वास मात्र हट्टी असतो, आणि बुरशीचे काळे ठिपके तर सहसा जातच नाहींत.

कापड कोणत्या धाग्याचें हें कळत नसेल तर आम्ही शास्त्राच्या तासाला करीत असूं तो प्रयोग घरीं करावा; विक्रेत्याच्या ढिगाजवळ मुळींच करूं नये. मायेंतून एक दोरा काढून चिमट्यांत धरावा आणि थाळींत पाणी ठेवून त्यावर पेटवावा. कापूस कागदासारखा जळतो व त्याची हलकी राख होते. लोकर आणि रेशीम जळतांना केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांनीं चुरडेल असा काळा गोळा उरतो. कारखान्यांतील कृत्रिम धागा वितळतो व थंड झाल्यावर टणक मणी होतो. वैशाखांत अंगाशीं कोणतें कापड असावें हें या तीन उत्तरांवरून ठरवितां येतें.

कांहीं वस्तु जुन्या घेऊंच नयेत. आंतले कपडे, पायमोजे आणि तान्ह्या मुलांसाठीं परक्या घरचें कापड, यांत काटकसर करूं नये. राहिलेल्या कपड्यांविषयीं रोगाची भीति अनेकांस वाटते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. खरजेचे किडे कपड्यांतून येऊं शकतात. परंतु मनुष्याच्या अंगावांचून ते बहुधा दोनतीन दिवसांहून अधिक जगत नाहींत, आणि कढत पाण्यापुढें टिकत नाहींत. म्हणून जुना कपडा आणल्याबरोबर पेटींत ठेवूं नये, अंगांतही घालूं नये. सुती असेल तर कढत पाण्यांत साबणानें धुवावा. लोकरी असेल तर आठवडाभर पिशवींत बांधून वेगळा ठेवावा, मग कोमट पाण्यांत रिठ्यानें धुवावा, पिळूं नये, सपाट पसरून वाळवावा. सुती कपडा दोन्ही बाजूंनीं कडक उन्हांत वाळवून इस्तरी करावी. एवढें केल्यावर तो कपडा आपला झाला.

आतां गणित; मास्तर गणित सांगितल्यावांचून कसा थांबेल? कपड्याची खरी किंमत विकत घेतांना दिलेल्या पैशांनीं कळत नाहीं. ते पैसे किती वेळां वापरण्यास पुरले यावरून कळते. समजा, नवा सदरा ८०० रुपयांस घेतला आणि तो १०० वेळां वापरला. एका वेळेस ८ रुपये पडले. जुना चांगला सदरा १५० रुपयांस घेतला, शिंप्यास ५० दिले, आणि तो ५० वेळां वापरला. एका वेळेस ४ रुपये पडले. तिसरा सदरा ढिगांतून ६० रुपयांस मिळाला, पण तो अंगास नीट बसेना, तीन वेळां घालून ठेवून दिला. एका वेळेस २० रुपये पडले. तिघांत सर्वांत स्वस्त होता तोच सर्वांत महाग ठरला. शिंप्याची मजुरी आणि साबण मिळवून हिशेब करावा, म्हणजे ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण कपड्यासही लागू पडते असें दिसून येईल. लग्नसराईंत उसने पैसे काढून एका दिवसासाठीं घेतलेला पोशाख या हिशेबांत कोठें बसतो, तें प्रत्येकानें आपल्या घरीं मांडून पाहावें.

घासाघीस अवश्य करावी, पण माणुसकी सोडूं नये. दिवसभर उन्हांत बसलेल्या बाईनें तो कपडा दारोदार फिरून मिळविला आहे, भांडें देऊन घेतला आहे, धुतला आहे, शिवला आहे. आपण शेवटचे पांच रुपये तोडतों ते बहुधा तिच्या नफ्यांतूनच जातात.

आणि जे कपडे देतात त्यांना माझी हात जोडून विनंति आहे. देण्यापूर्वीं कपडा धुवावा, खिसे तपासावे आणि नांवाची किंवा धोब्याची खूण आपल्या हातानें जपून उसवून टाकावी. आपल्यास तो एक दोरा आहे. दुसऱ्याच्या मुलास तो सगळ्या वर्गाचें हंसू ठरतो.

माझी गोष्ट पुरी करतों. त्या आठवड्याच्या बाजारांत मी त्या बाईच्या सल्ल्यानें स्वतःसाठीं बिनबाह्यांचा एक करडा स्वेटर पारखून घेतला. दुसऱ्या दिवशीं तो घालून वर्गांत गेलों, कोठून घेतला व केवढ्यास घेतला तें मुलांस सांगितलें, आणि त्यावरच नफ्यातोट्याचें एक उदाहरण फळ्यावर घातलें. कोणी हंसलें नाहीं. मुलगा आठव्या दिवशीं परत आला. तो माझ्याशीं पूर्वींसारखें मोकळेपणानें बोलूं लागण्यास मात्र पुढें कित्येक महिने लागले, आणि तें त्याचें चुकलें असें मला वाटत नाहीं. भर वर्गांत विचारलेला प्रश्न स्वेटर घालून परत घेतां येत नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, आज सांगितलेले पारखण्याचे नियम विसरलांत तरी चालेल. बाजारांत दोनचार वेळां फसून ते आपोआप येतील. पण एक नियम विसरूं नका. दुसऱ्याच्या अंगावर आपला जुना कपडा दिसला आणि तो ओळखूं आला, तरी ओळख दाखवूं नये. तो आतां आपला नाहीं; ज्यानें पैसे मोजले, ज्यानें तो उसवून नीट शिवला, त्याचा आहे.